ढोलकी कुठे गेली

त्या सकाळी गाण्यातून ढोलकी नाहीशी झाली. गाणारी बाई होती, मागचे कोरसवाले होते, पेटीही वाजत होती. फक्त ढोलकी नव्हती. आमच्या होळी गावातून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका केळीच्या वाडीच्या कुंपणाशी मी उभी राहिले, मोबाइल दोन-तीनदा झटकला, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. ढोलकी नाहीच.

गाण्यातून एखादं वाद्य कमी झालं तर एवढं काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. पण त्या ढोलकीवर माझा सगळा व्यायाम चालला होता.

मी शाळेत गणित शिकवते. आमचं घर होळीत, घरामागे वाडी. नवरा वाडी बघतो: केळी, वांगी, थोडा सोनचाफा. चाळिशी उलटून बरीच वर्षं झाल्यावर एका तपासणीत कळलं, की माझ्या रक्तातली साखर काठावर येऊन उभी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालायला लागा. मी चालायला लागले. रोज सकाळी साडीवर बूट घालून किल्ल्यापर्यंत जायचं, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचं, परत यायचं. साखर जिथल्या तिथे.

पुण्याला शिकणारी माझी लेक फोनवर म्हणाली, "आई, तू चालत नाहीस, तू गप्पा मारत फिरतेस. थोडा वेळ जोरात धाव, मग थोडा वेळ चाल, परत धाव. ह्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात."

मला इंटरव्हल म्हणजे नाटकातला बटाटेवडा माहीत. तरी मी घड्याळ लावून प्रयत्न केला. पण धावताना घड्याळात बघायचं म्हणजे रस्त्याकडे बघणं राहून जातं, आणि आमच्या रस्त्याकडे न बघता धावणं शहाणपणाचं नाही. एकदा गुडघा फोडून घेतल्यावर लेकीने वेगळी युक्ती काढली. तिने दोन गाणी घेतली. एक जुनं, लग्नाच्या वरातीत वाजतं तसं उडतं गाणं, आणि एक संथ भावगीत. दोन्ही तिने मोबाइलवर हवी तेवढी कापली आणि एकापुढे एक, एकापुढे एक अशी जोडून पाठवली. उडतं लागलं की धावायचं, संथ लागलं की चालायचं. "घड्याळाकडे बघूच नकोस," ती म्हणाली, "ढोलकीच्या थापेवर पाऊल टाक."

आणि काय सांगू, जमलं! पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून, कानांत ती वायरची बोंडं खुपसून मी धावत सुटले, तेव्हा वाडीत फुलं खुडणाऱ्या एका शेजारणीने ओरडून विचारलं, "बाई, कुठे आग लागली?" मला नीट ऐकूही आलं नाही. ढोलकीची थाप आणि माझं पाऊल एकत्र पडत होतं आणि श्वास आपोआप त्यात बसत होता. दम अगदी तोंडाशी यायचा, आता मेलेच असं वाटायचं, आणि नेमकं तेव्हाच भावगीत सुरू व्हायचं. त्या भावगीताच्या पहिल्या सुराइतकं प्रेम मी आयुष्यात फार थोड्या गोष्टींवर केलं असेल.

माझी एक मैत्रीण आहे, माझ्याच शाळेत मराठी शिकवते, घर आमच्या पलीकडच्या आळीत. ती कॅथलिक आहे आणि चर्चच्या गायनमंडळात गाते, तेही उगाच उभं राहायचं म्हणून नाही. तिचा आवाज असा आहे, की शाळेत प्रार्थनेला ती उभी राहिली की वर्गावर्गातली कुजबुज थांबते. सकाळच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, परतताना ती मला धावताना बघायची आणि कपाळाला हात लावायची. "अगं, गाणं ऐकायचं असतं," ती म्हणायची, "त्याला असं घोड्यासारखं जुंपायचं नसतं." मी हसून पुढे पळायचे. पावसाळा गेला, थंडी आली, साखर खरंच काठावरून मागे सरकली. घरात मी हे इतक्यांदा सांगितलं, की नवरा म्हणायला लागला, "आता ढोलकीची आरती करू या."

आणि मग ती सकाळ.

उठले तेव्हाच डाव्या कानाला दडे बसल्यासारखं झालं होतं. विहिरीत बुडी मारून वर आल्यावर कान जसा भरलेला वाटतो, तसा. आत कुठेतरी बारीक सूंऽऽ असा आवाज. सर्दी असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. बाहेर पडले, गाणं लावलं आणि ढोलकी नव्हती. धावायचं गाणं सुरू होतं, पण पायांना कळेना कधी पडायचं. मी दोनदा अडखळले आणि कशीबशी चालत घरी आले.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "फाइल खराब झाली असेल, परत पाठवते." तिने परत पाठवली. ढोलकी नाही. नवऱ्याने कानात डोकावून बघितलं, म्हणाला, "मळ असेल. तेल सोड." रात्री कोमट तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी उशी तेलकट झाली, कान तसाच, ढोलकी तशीच गायब. मग मला खात्री पटली, की वायर गेली. धावताना घाम जातो, वायर किती टिकणार? तीन दिवस मी ह्या ना त्या कारणाने गाण्यालाच दोष देत राहिले. शेवटी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेले.

दुकानदार तरुण, हसतमुख. माझी वायर त्याने स्वतःच्या फोनला लावली, मी सांगितलं तेच गाणं शोधून लावलं आणि बोंडं कानांत घालून ऐकायला लागला. "एकदम ओके आहे मॅडम," तो जोरात म्हणाला, कारण त्याचे कान बंद होते. "दोन्ही साइड चालू आहे. मस्त गाणं आहे हां!" आणि गाणं ऐकता ऐकता तो काउंटरच्या काचेवर बोटं वाजवायला लागला.

मी त्याच्या बोटांकडे बघत राहिले. तो ढोलकी वाजवत होता. तीच, अगदी तीच ढोलकी, जी मला चार दिवस ऐकू येत नव्हती. थाप, थाप, मध्ये ती एक मुरडणारी जागा, परत थाप. त्याच्या कानांत ती होती.

तरीही मी नवी वायर विकत घेतली. माणूस केवढा हट्टी असतो! दुकानाबाहेर एका पाववाल्याच्या सायकलीजवळ उभं राहून मी ती लावली. काही फरक नाही. तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिला मी दुकानातली हकिकत सांगितली. "थांब जरा," म्हणून तिने फोन ठेवला आणि थोड्या वेळाने परत केला. मग म्हणाली, "आई, एक काम कर. मी आत्ताच ते गाणं नीट ऐकलं. जुनं रेकॉर्डिंग आहे. त्यात ढोलकी सगळी डाव्या बाजूला आहे, आणि गाणारी, कोरस, पेटी उजव्या बाजूला. तू बोंडं उलटी घाल. डावं उजव्या कानात, उजवं डाव्यात."

मी फोन ठेवला, बोंडं उलटी घातली आणि गाणं लावलं.

ढोलकी आली. खणखणीत, जवळ, उजव्या कानात, जशी कधी गेलीच नव्हती. आणि गाणारी बाई नाहीशी झाली. कोरस नाही, पेटी नाही. नुसती ढोलकी, एकटी, वेड्यासारखी वाजत होती.

मी परत बदलून बघितलं. बाई आली, ढोलकी गेली. परत बदललं. ढोलकी आली, बाई गेली. किती वेळा केलं कोण जाणे. पाववाला माझ्याकडे बघत होता. मग मी डाव्या कानातलं बोंड काढून तिथे नुसत्या बोटांनी टिचकी मारली. टिचकी बोटांना लागली, पण वाजली नाही. गणिताची बाई असून मला एवढं साधं उत्तर यायला चार दिवस लागले होते, आणि ते उत्तर आल्यावरही मी ते मानायला तयार नव्हते. "आई? आई, काय झालं?" लेकीने परत फोन करून विचारलं. मी म्हटलं, "वायर चांगली आहे गं."

त्याच संध्याकाळी आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात दिवा लावून पाहिलं, मळ नव्हता. मग त्यांच्या दवाखान्यातल्या एका छोट्या बंद खोलीत मला बसवलं. काचेपलीकडे एक मुलगी यंत्र घेऊन बसली होती. कानांवर मोठे हेडफोन घातले, हातात एक बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी." उजव्या कानात आवाज यायला लागले, जाडे, बारीक, लांबचे, जवळचे. मी दाबत गेले, मनातून जरा खूशही झाले, परीक्षेत पटापट उत्तरं येतात तेव्हा मुलं होतात तशी. मग ती खुणेने म्हणाली, आता डावा.

मी सावरून बसले. बटणावर अंगठा ठेवला. थांबले. तिचं यंत्र लागत नसावं. ती कळ फिरवत होती, कागदावर काहीतरी टिपत होती. मी वाट बघत राहिले. मग दार उघडून ती आत आली आणि माझ्या कानावरचे हेडफोन काढले.

"सुरू नाही झालं का?" मी विचारलं.

"झालं, ताई," ती म्हणाली. "संपलं."

तिचा चेहरा मला अजून आठवतो. तिने नजर खाली वळवली होती.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. उजव्या कानाची रेघ वर, डाव्याची तळाशी. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"चार दिवस."

"चार दिवस? मग चार दिवस काय करत होतात?"

"गाणं दुरुस्त करत होते," मी म्हटलं. खरंच तसं म्हटलं. नवऱ्याने माझ्याकडे वळून बघितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मग ते सावकाश बोलले. कानाचा पडदा चांगला आहे, बिघाड आतल्या नसेचा आहे. असं अचानक होतं, रात्री झोपलेलं माणूस सकाळी एका कानाने बहिरं होऊन उठतं. पहिल्या काही दिवसांत औषध पोटात गेलं तर परत येण्याची आशा बरी असते.

"पण कशामुळे?" नवऱ्याने विचारलं. "ती कानात गाणी लावून धावते, त्यामुळे?"

"नाही. तसं असतं तर दोन्ही कानांना झालं असतं, आणि हळूहळू. बहुतेक वेळा ह्याचं कारण सापडतच नाही."

ह्या वाक्याचा मला कानाइतकाच धक्का बसला. कारण सापडत नाही म्हणजे काय? मी मुलांना रोज सांगते, उत्तर आलं तर पायऱ्या दाखवा. इथे उत्तर होतं आणि पायऱ्या कुठेच नव्हत्या. काल होतं ते आज नाही, एवढंच. वर डॉक्टर म्हणाले, की स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतील आणि त्यांनी साखर वाढेल. हे ऐकून मला हसू आलं. मी हसले ते पाहून नवरा घाबरला.

परतताना स्कूटरवर मी मागे बसले होते. तो पुढून काहीतरी बोलत होता, त्याची मान हलत होती, वाऱ्यात एक अक्षर माझ्यापर्यंत पोहोचत नव्हतं. घरी येऊन त्याने दिवा लावला आणि माझ्या डाव्या बाजूला उभा राहून म्हणाला, असं त्याने नंतर सांगितलं, "घाबरू नकोस." मी उत्तर दिलं नाही. तो समोर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. इतक्या वर्षांत मी त्याला त्याचे वडील गेले तेव्हाच तसं पाहिलं होतं.

पुढच्या दिवसांतला धक्का वेगळा होता. बहिरेपण म्हणजे शांतता, असा माझा समज. पण त्या कानात शांतता नव्हतीच. तिथे दिवसरात्र प्रेशर कुकरची शिट्टी होण्याआधीचा आवाज चालू होता. आणि जो कान शाबूत होता, त्याला आवाज कुठून येतो ते कळेना. मला माहीतच नव्हतं, की दिशा दोन कानांनी मिळून कळते. वर्गात डाव्या ओळीतल्या एका मुलीने "बाई!" म्हणून हाक मारली, मी उजवीकडे वळले. तिने परत मारली, मी आणखी उजवीकडे वळले. मुलं हसली. त्यांना वाटलं, बाई गंमत करतात. मीही हसल्यासारखं केलं, फळ्याकडे तोंड केलं आणि खडू हातात धरून नुसती उभी राहिले. हळूहळू हसणं बंद पडलं. मग कुणी काही न सांगता मुलांनी एक पद्धत पाडली: हाक मारायच्या आधी हात वर करायचा आणि हलवायचा. आजही तसंच करतात.

डोक्याचा एमआरआयही काढावा लागला, नसेवर गाठ वगैरे नाही ना हे बघायला. त्या नळीत झोपवण्याआधी तिथल्या माणसाने दोन्ही कानांत बोळे घातले. मी म्हटलं, डाव्यात नसला तरी चालेल, तिथे कुणी राहत नाही. त्याला विनोद कळला नाही. मग यंत्र ठोकायला लागलं. ठकठकठकठक, एकदम जोरात, एका लयीत. मग अचानक थांबलं. मग संथ घरघर. मग परत ठकठकठक. तिथे हलायचं नसतं, आणि माझे पाय चादरीखाली हलायला बघत होते. ठकठक लागली की शरीराला वाटायचं, धाव. घरघर लागली की चाल. मी डोळे मिटून मुठी आवळून धरल्या. भीतीपेक्षा मला त्या पायांचंच जास्त आश्चर्य वाटलं. त्यांना अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं जणू.

गाठ नव्हती. गोळ्या संपल्यावर डॉक्टरांनी कानाच्या पडद्यातून सुईने औषध सोडायला सुरुवात केली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. प्रत्येक सुईनंतर काही वेळ खोली गरगर फिरायची आणि मी खाटेची कड धरून पडून राहायचे. साखर सांगितल्याप्रमाणे वाढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निदान चालणं सोडू नका." म्हणून मी परत बाहेर पडले. एकटी, कानांत काही न घालता.

किल्ल्याला वळसा घालून पाचूबंदरपर्यंत गेले त्या दिवशी. मासळीच्या लिलावाची वेळ, रस्त्यावर टोपल्या, बर्फाचे तुकडे, बायकांचा गलका. आधी हा गलका मला आवडायचा. त्या दिवशी तो सगळा एका बाजूने अंगावर आला, सगळे आवाज एकाच ठिकाणाहून, एकावर एक. मागून हॉर्न ऐकू आला. हॉर्न उजवीकडून आला, अगदी नक्की उजवीकडून, म्हणून मी डावीकडे सरकले.

टेम्पो डावीकडेच होता.

माझ्या दंडाला इतक्या जोराचा हिसका बसला, की मी एका टोपलीवर आदळले. टेम्पोचा आरसा माझ्या ओढणीला घासून गेला. हिसका देणारी एक कोळीण होती, कमरेला नऊवारी खोचलेली, हाताला ओल्या माशांचा वास. ती माझ्यावर ओरडत होती, "येडी हायस काय? गाडीच्या समोर जातेस?" मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तिचा राग उतरला. तिने मला उलट्या टोपलीवर बसवलं. "बस जरा. पानी पी." मी पाणी प्यायले. मग तिला सांगितलं, की मला एका कानाने ऐकू येत नाही. कान गेल्यापासून परक्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग कुनाला तरी घेऊन चल की, बाय. एकटी कशाला मरतेस?"

घरी सांगितलं नाही. पण शाळेत मैत्रिणीला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात उभी होती, लेकाचे जुने बूट घालून, केस वर बांधून. "मी उजवीकडे चालणार," ती म्हणाली. "रस्ता तुझ्या डावीकडे येणार नाही असं बघू."

"आणि मिस्सा?"

"देव सकाळी थोडा वेळ वाट बघेल. संध्याकाळचीही मिस्सा असते."

ह्याच सुमारास कानात थोडंथोडं काही परत यायला लागलं होतं. तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. मलाही तसं वाटलं होतं. घरात रेडिओवर कुणीतरी गात होतं आणि डाव्या कानात ते पोहोचलं, तेव्हा मी पोळी लाटता लाटता थिजले. कारण ते पोहोचलं ते चुकीच्या सुरात. उजव्या कानात गाणं होतं तिथे होतं, डाव्यात तेच गाणं जरा खाली उतरलेलं, फाटकं, पत्र्याच्या डब्यातून म्हटल्यासारखं. दोन्ही एकाच वेळी. जगातली सगळी गाणी कुणीतरी मागून बेसूर म्हणत होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, नस सावरताना सूर चुकवते, काहींचं नीट होतं, काहींचं नाही. मी रेडिओ बंद केला. लेकीने पाठवलेली गाणी फोनमधून काढून टाकली. डाव्या कानात कापूस घालून वावरायला लागले.

पण मग धावायचं कशावर? मैत्रीण म्हणाली, "मी गाते की. उजव्या कानात."

पहिल्या दिवशी ती त्यांच्या घरच्या बोलीतलं लग्नातलं एक गाणं जोरात म्हणत माझ्याबरोबर धावायला लागली. ते शब्द मला अर्धेमुर्धेच कळतात, पण ठेका झकास होता. आम्ही वळणापर्यंतही पोहोचलो नाही. गाणं मध्येच तुटलं, ती कमरेवर हात ठेवून वाकली आणि धापा टाकत म्हणाली, "माझ्या मरणाचं पाप तुझ्या डोक्यावर." मी बघितलं तर तिचा चेहरा टोमॅटोसारखा लाल. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसून हसलो. कान गेल्यानंतर मी पहिल्यांदाच इतकी हसले.

धावताना गाता येत नाही, हे आम्हा दोन शिक्षिकांना त्या दिवशी कळलं. मग तिनेच उपाय काढला. चालताना ती गायची. गाणं जितकं लांब, तितकं चालणं. गाणं संपलं आणि ती गप्प झाली, की धावायचं. धावताना दोघींचं बोलणं बंद, नुसते श्वास आणि बुटांचे आवाज. दम लागून तिला पुन्हा गावंसं वाटलं, की धावणं संपलं. सगळं उलटं झालं होतं. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, पण वेळ कोण मोजतं?" मी म्हटलं, "तिची फुप्फुसं."

असे काही महिने गेले. साखर खाली आली, पुन्हा चढली, पुन्हा जराशी उतरली. कानाची रेघ कागदावर तळापासून थोडी वर आली आणि तिथेच थांबली. डॉक्टर म्हणाले, "आता फार बदलेल असं धरून चालू नका." मी धरून चालले नाही. वर्गात मुलं हात हलवत होती, नवऱ्याने झोपायची बाजू बदलली होती. तरीही एखाद्या सकाळी जाग येताच मी डाव्या कानाजवळ बोटं चोळून बघायचे, आणि दर वेळी परत तोच धक्का बसायचा, जसं काही हे कालच घडलंय.

गेल्या महिन्यात एका सकाळी आम्ही किल्ल्याच्या बाजूने परत येत होतो. चालायची वेळ होती. मैत्रीण पुढच्या सणासाठी गायनमंडळात बसवत असलेलं एक भजन म्हणत होती, स्वतःशीच, शब्द विसरली की गुणगुणत. मी अर्धंअधिक ऐकलं आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलं ते कळेना. मग हात कानाकडे गेला. कापूस नव्हता. सकाळी घाईत मी तो घालायला विसरले होते आणि एवढा वेळ माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कारण मागून बेसूर म्हणणारं कुणीच नव्हतं.

मी रस्त्यात थांबले. उजव्या कानात करंगळी घट्ट खुपसली. तिचा आवाज राहिला. बारीक, भिंतीपलीकडून आल्यासारखा, शब्द पुसलेले. पण सूर एकच होता. ती जिथे गात होती तिथेच.

ती थांबली. "काय गं? चक्कर येते का?"

मी नुसती मान हलवली.

"अगं, बोल ना, काय झालं?"

"थांबू नकोस," मी म्हटलं. "गा."

तिने माझ्या कानातल्या करंगळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिला कळलं. तिने ते भजन पहिल्यापासून घेतलं. ते संपल्यावर दुसरं घेतलं. चाफ्याच्या वाड्या गेल्या, रस्त्याकडेचा क्रूस गेला, शाळेचा फाटा आला. त्या सकाळी आम्ही धावलोच नाही.